केळुसकर भाऊंचा उजवा खण

नवरा जिवंत असताना त्याच्या बायकोचा विधवेचा फॉर्म भरून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो फॉर्म माझ्या हातातून गेलेला आहे. नाव, वय, पत्ता, मुलं किती, सगळं निळ्या बॉलपेननं दाबून लिहिलेलं; फक्त पतीच्या मृत्यूची तारीख तेवढी मोकळी. नवरा तेव्हा क्षयाच्या सरकारी इस्पितळात खाटेवर होता आणि अजून तीन आठवडे जगायचा होता. मी चरकून विचारलं, "भाऊ, हे काय?" केळुसकर भाऊंनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली, दोन सणसणीत शिंका दिल्या आणि डोळे पुसत म्हणाले, "अगो नीलाबाय, माणूस गेल्यावर बाई रडेल की फॉर्म भरेल? आपण तयारी ठेवावी. तारीख काय, टाकू मागाहून."

तारीख टाकली गेली. चौदाव्या दिवशी बाईचा अंगठा घेतला, दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः कचेरीत फॉर्म देऊन आले. इतरांना वर्ष वर्ष हेलपाटे घालावे लागत, तिथे या बाईचे निराधार योजनेचे पैसे दोन महिन्यांत सुरू झाले. ती आमच्या ऑफिसच्या पॅसेजमध्ये येऊन भाऊंच्या पाया पडली. तिचं नाव शेवंता घाडी. ती आमच्याच कंपनीत पॅकिंग हॉलला कामाला होती, आणि सरकारी कागदावर ती कुठेही कामाला नव्हती.

कंपनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली. औषधांची. तिचं खोकल्याचं औषध तेव्हा घराघरांतल्या फळीवर असायचं, आमच्या पार्ल्याच्या घरातही होतं. फाटकाशी हिरवळ, मधोमध कारंजं, आणि दर शनिवारी त्या कारंज्याची फरशी घासायला माणूस. मी तिथे मराठी-इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांची होते. एवढ्या मोठ्या कंपनीत लागले म्हणून आईनं शेजारी पेढे वाटले होते. माझं टेबल कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या खोलीत, म्हणजे केळुसकर भाऊंच्या समोर. अंधेरी स्टेशनवरून बसनं यायचं, नऊला कार्ड पंच करायचं आणि दिवसभर भाऊ सांगतील ते टाइप करायचं.

पॅकिंग हॉलमधल्या बहुतेक बायका टेंपररी. सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर कामगाराला कायम केल्यासारखं धरावं लागतं, म्हणून दोनशे दिवस झाले की त्यांना 'ब्रेक' मिळे. महिना-दीड महिना घरी बसायचं आणि मग नवं कार्ड घेऊन पुन्हा यायचं. नव्या कार्डावर कधी सासरचं नाव असे, कधी माहेरचं. शेवंता घाडी एका वर्षी सुलोचना परब होती. "आमचा बारसा दर वर्षाक आसता," असं त्या बायका हसून म्हणायच्या. पगार असा, की वीस तारखेनंतर त्यांच्या डब्यांत भाताबरोबर काही दिसलं तर सगळ्या जणी विचारत, आज काय आहे गं? कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तर केळुसकर भाऊंना ठेवलं होतं.

भाऊ दिसायला कुणाच्या तरी मामासारखे. ठेंगणे, पोट सुटलेलं, अर्ध्या बाह्यांचा टेरिलीनचा शर्ट, खिशात दोन बॉलपेनं आणि तपकिरीची डबी. त्यांच्या टेबलाचा उजवा खण कधी पूर्ण मिटत नसे, इतका तो फॉर्मांनी भरलेला. रेशनकार्डात नाव वाढवायचा फॉर्म, कमी करायचा फॉर्म, महापालिकेच्या शाळेत पुस्तकं फुकट मिळण्याचा, इस्पितळात फुकट खाटेचा, ट्रस्टकडून औषधाचा, विधवेचा, अपंगाचा, परित्यक्तेचा. कोऱ्या फॉर्मांची थप्पी वर आणि भरलेल्या फॉर्मांच्या नकला खाली. प्रत्येक कागदाची नकल ठेवायची हा भाऊंचा नियम. मी टाइपरायटरमध्ये कागद घातला की ते मान वर न करता म्हणत, "कार्बन घाल." मी एकदा विचारलं होतं की सरकारी कागदाची नकल आपल्याला कशाला. तर म्हणाले, "कचेरीत हरवला तर त्या बाईनं काय करायचं? आपल्याकडे असला म्हणजे तिचा जीव भांड्यात."

माणूस खोलीत आला की तो कुठल्या फॉर्मात बसतो हे त्यांना दारातच कळे. 'बसवणं' हे त्यांचं आवडतं क्रियापद. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. "बघू, नियमात बसवू," असंच म्हणत. एक बाई रडत आली, नवरा घर सोडून गेला म्हणून. भाऊंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती वर्षं झाली?" ती म्हणाली पाच. भाऊ हळहळले. "अरेरे. सात असती तर मेला असं धरता आलं असतं. अजून दोन काढ, बाय." ती बाई डोळे पुसून, मान डोलावून गेली. तिला बरं वाटलेलं दिसलं, कारण निदान कुणीतरी हिशेब करून सांगितलं. मी मात्र त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

आणि हा माणूस दुष्ट होता का? नव्हता. दुष्ट असता तर मी हे लिहायलाच बसले नसते. हॉलमधल्या एकीचा मुलगा पोटाच्या आजारानं सरकारी इस्पितळात होता, तेव्हा भाऊ तीन दिवस जाऊन त्याच्या उशाशी बसले होते. स्वतःच्या डब्यातली सुरमई अर्धी बायकांना देत. कोकणातल्या बायकांशी मालवणीत बोलत, आणि त्यांचं मालवणी साहेबाचं उसनं नव्हतं, घरचं होतं. बाप लहानपणीच गेला. आई चार पोरं घेऊन मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसून राहायची, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. "माझ्या आईला फॉर्म भरून द्यायला कुणी नव्हतं गं. कारकून म्हणायचा, उद्या ये. तिचे उद्या कधी संपलेच नाहीत." मला वाटतं, त्या पायरीवर बसलेल्या बाईसाठीच ते जन्मभर फॉर्म भरत होते. तिला पायरीवर बसायची वेळ का आली, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, किंवा पडला असेल तर त्यांनी तो कुठल्याच फॉर्मात बसत नाही म्हणून सोडून दिला असेल.

वरचे साहेब लोक त्यांच्यावर खूश. वार्षिक समारंभात मोठे साहेब म्हणाले होते की केळुसकर हा आमचा सगळ्यात स्वस्त अधिकारी. टाळ्या पडल्या. भाऊ लाजले. त्यांना तो सन्मान वाटला, आणि पुढचे आठ दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाक्य सांगत होते. रेशनला रॉकेल यायच्या दिवशी बायकांना दोन तास आधी सोडायची सोय त्यांनी साहेबांकडून मंजूर करून घेतली होती. त्या दोन तासांची मजुरी कापली जायची, पण आधी सोडायचे हे खरं. बायका म्हणायच्या, भाऊंमुळे आमच्या घरात चूल पेटते. त्यात खोटं काय होतं?

निराधार योजनेची चौकशी दर वर्षी व्हायची. सरकारी माणूस घरी यायचा किंवा बाईला कचेरीत बोलवायचा. त्याआधी भाऊ कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत तालीम घेत. मी समोर प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा घेऊन बसलेली. भाऊ सरकारी माणूस व्हायचे, चष्मा नाकावर खाली ओढायचे आणि बाईला विचारायचे, "काय करता तुम्ही?" बाईनं मान खाली घालून म्हणायचं, "काय नाय, सायेब. घरीच असते." बांगड्या किती घालायच्या, पदर कसा घ्यायचा, पोरांना कोणते कपडे घालून न्यायचं, सगळं ते शिकवत. बायका हसत, एकमेकींना कोपरखळ्या मारत. त्यांच्या दिवसातली ती करमणूक होती.

शेवंताला ते जमेना. ती पस्तिशीची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. तिचं काम बाटल्या तपासायचं. पांढऱ्या प्रकाशाच्या पेटीसमोर बसायचं, एकेक बाटली उलटी करून धरायची आणि औषधात कण, केस, काचेचा कपचा आहे का ते बघायचं. दिवसाला हजारो बाटल्या. हॉलमध्ये म्हणत, शेवंताच्या नजरेतून मुंगीचा पाय सुटायचा नाही. तर भाऊंनी तिला विचारलं, "काय करता तुम्ही?" ती म्हणाली, "बाटल्यो तपासतंय."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. भाऊही हसले. "अगो, तां आमका ठावक आसा. ताका ठावक नाय. तू सांगायचं, काय काम करत नाही."

"पण मी काम करतंय मां, भाऊनु!"

"करतस गो. पण कागदावर करत नाहीस."

"कागदार नाय आनि हातान करतंय, ह्या माका जमाचा नाय. मगे माझो हात बघल्यान तर?" तिनं दोन्ही हात पुढे केले. बाटल्या धरून बोटांची टोकं पांढरी पडलेली आणि हाताला खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. भाऊंनी ते हात हातात घेतले, हुंगले आणि गंभीरपणे म्हणाले, "सोड्यानं धू. आदल्या दिवशी दोनदा." तिनं धुतले. सरकारी माणसानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही काम करत नाही. तिचं प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं. 'मी कोठेही नोकरी अथवा मजुरी करीत नाही व मला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही.' खाली कार्बन. दर वर्षी एक, असे पाच कागद झाले.

पाचवा कागद झाला त्या वर्षी युनियननं टेंपररी बायकांच्याही पगारवाढीची मागणी घातली. पुढाकार जाधवचा. जाधव गोळ्यांच्या मशीनवरचा कायम कामगार, घाटकोपरहून यायचा, तोंडाचा फटकळ, पण बायकांसाठी आपली बढती घालवून बसलेला. वरून भाऊंना निरोप आला, बायकांना समजावा. भाऊंनी कँटीनमध्ये सभा घेतली. चहा-वडा कंपनीचा. त्यांनी स्टीलचे दोन पेले टेबलावर ठेवले आणि तांब्यातलं पाणी दोन्हींत अर्धं अर्धं ओतलं.

"हा पेला पगाराचा. हा सवलतींचा. निराधारचे पैसे, फुकट खाट, पोरांची पुस्तकं, सगळं ह्याच्यात. आता ह्या पेल्यात वाढलं," असं म्हणून त्यांनी पगाराच्या पेल्यात चमचाभर पाणी घातलं, "की सरकार काय करणार? म्हणणार, तुमचं उत्पन्न वाढलं." आणि त्यांनी दुसरा पेला उचलून सगळाच्या सगळा मोरीत ओतला. भाऊ खोटं बोलत नव्हते. उत्पन्नाची मर्यादा होती, आणि मागितलेली वाढ ती मर्यादा जेमतेम ओलांडणारीच होती. ते पाणी मोरीत जाताना मलाही वाटलं, हे अगदी खरं आहे.

मागून शेवंता उठली. "भाऊनु, पेलोच मोठो घेतलो तर?"

हशा पिकला. सगळ्यांत जोरात भाऊ हसले, इतके की त्यांना ठसका लागला. "बस गो, बस. पेलो मोठो घेता!" ते दोन दिवस हा विनोद ऑफिसात सांगत होते. त्या दुपारी शंभरेक बायकांनी एका अर्जावर सह्या आणि अंगठे केले: आमच्या सवलतींस बाध येत असल्याने आम्हांस पगारवाढ नको. टाइप कुणी केला हे सांगायला नकोच. तो अर्ज नोटीस बोर्डावर लागला. जाधव वाचून आमच्या खोलीत आला. "काय चाललंय भाऊ, यार? पगार कंपनीनं द्यायचा की सरकारनं? पार वाट लावलीत तुम्ही बायकांची."

"मी कुणावर जबरदस्ती केली का रे जाधव?" भाऊ दुखावले गेले. "त्यांना विचार."

जाधवनं विचारलं. बायकांनी भाऊंचीच बाजू घेतली. त्याच्या तोंडावर एक जण म्हणाली, तुका काय, तू परमनंट. जाधव आपल्या मशीनवर परत गेला.

शेवंताचा अंगठा त्या अर्जावर नव्हता. त्याचं कारण डोळे. पांढऱ्या पेटीसमोर सात वर्षं काढल्यावर तिला बाटलीभोवती कडं दिसायला लागलं होतं. भाऊंनी एका धर्मादाय संस्थेचं शिबिर कंपनीच्या आवारात भरवलं, तिला फुकट चष्मा मिळाला. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, प्रकाशासमोरचं काम ताबडतोब बंद करावं. ती चिठ्ठी भाऊंनी उजव्या खणात जपून ठेवली आणि शेवंता चष्मा लावून पुन्हा पेटीसमोर बसली. कायम बाईचे डोळे गेले तर तिला लेबलांच्या टेबलावर किंवा स्टोअरमध्ये हलवत. टेंपररीचे गेले तर ब्रेकनंतर तिला बोलावणंच येत नसे. हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. डोळे पुरते जायच्या आत कायम व्हायचं, एवढीच आता शेवंताची धडपड होती, म्हणून तिनं जाधवविरुद्ध अंगठा दिला नव्हता. घरी दोन मुली, थोरली नववीत.

जाधवनं तिच्या नावानं कामगार न्यायालयात दावा लावला. ही एक कायम झाली की मागोमाग सगळ्या, असा त्याचा विचार. भाऊंना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. तिला बोलावून म्हणाले, "कर गो. तुझो हक्क आसा. माझो आशीर्वाद आसा." आणि तो त्यांनी मनापासून दिला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

कंपनीचं म्हणणं असं, की ही बाई अधूनमधून काही महिने कामाला येत असे, सात वर्षं वगैरे सगळं बनावट. रजिस्टरात दर वर्षी वेगळं नाव, त्यामुळे शेवंताकडे पुरावा म्हणजे तिचं तोंड आणि सोबतच्या बायकांची तोंडं. त्यांतल्या दोघी धीर करून साक्षीला आल्या आणि बऱ्या बोलल्या. न्यायाधीश ऐकून घेत होते, मध्येच टिपणं करत होते. जाधवच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग कंपनीचा वकील उठला आणि त्यानं एका जुन्या तपकिरी फायलीतून पाच कागद काढले. कार्बनच्या नकला. निळसर, थोड्या पुसट, पण प्रत्येक अक्षर लागत होतं.

कंपनीनं मला कोर्टात का बोलावलंय हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा कळलं. वकिलानं कागद पुढे धरले आणि विचारलं, "हे आपण टाइप केलेत?"

मी म्हटलं, "हो."

"बाईंना वाचून दाखवून अंगठा घेतला होता?"

"हो."

एवढंच माझं काम होतं. खोटं काहीच बोलले नाही. मग शेवंताला पुन्हा उभं केलं. वकिलानं एकेक वर्ष घेऊन वाचलं: मी कोठेही नोकरी अथवा मजुरी करीत नाही. पाचही वेळा तेच वाक्य. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही सरकारला लिहून दिलंत की काम करत नाही. इथे सांगता की रोज करत होता. यातलं खोटं कोणतं?"

"तां खोटा, सायबांनु. तेव्हा खोटा बोललंय. आता खरा सांगतंय."

"म्हणजे पाच वर्षं शपथेवर खोटं बोललात, हे कबूल आहे?"

तिला प्रश्नातली गोम कळली नाही. खरं बोलल्यावर सुटका होते असंच तिला वाटत होतं. ती म्हणाली, "व्हय." मग तिनं वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे भाऊ बसले होते. तिला नीट दिसत नव्हतं, तिनं डोळे बारीक केले. "भाऊनु, तुमीच लिवलास मां तां? तुमी सांगा मां तेंका."

भाऊ बसल्या जागी किंचित उठले, जसं काही नाव पुकारल्यावर उठतात, आणि पुन्हा बसले. कोर्टाच्या माणसानं शेवंताला पुढे बघायला सांगितलं.

परतताना भाऊ आणि मी एकाच बसमध्ये होतो. मी त्यांच्याशी बोलणार नव्हते, पण राहवलं नाही. "तुम्ही दिलेत ते कागद?"

"वरून मागितले," भाऊ म्हणाले. "कुणी कागद मागितला आणि केळुसकरकडे नाही, असं आजपर्यंत झालं नाही." मग म्हणाले, "खण कंपनीचा आहे, बाय. कागद कुणाचे होणार?" त्यांनी डबी काढली, चिमूट घेतली, पण शिंक आली नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मरोळ येईपर्यंत त्यांचे डोळे पुसणं चाललं होतं. मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही, आणि माझ्या त्या दोन 'हो'बद्दलही मी कधी कुणाकडे माफी मागितलेली नाही.

दावा फेटाळला गेला. कोर्टातली गोष्ट निराधारच्या कचेरीत पोचायला वेळ लागला नाही; पैसे बंद झाले, वर दिलेले परत करा म्हणून नोटीस आली. कंपनीनं त्या वर्षीच्या ब्रेकनंतर तिला बोलावलं नाही. हॉलमधल्या इतर बायकांनी धसका घेतला आणि कायम व्हायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. जाधव मात्र दर आठवड्याला तिच्या झोपडीवर जाऊन चौकशी करून यायचा. थोरल्या मुलीनं शाळा सोडली आणि ती पॅकिंग हॉलला लागली. तिला तिथे लावलं भाऊंनीच. कार्डावर तिचं नाव सुलोचना परब.

त्याच सुमाराला मी बँकेची परीक्षा पास झाले आणि मला कॉल आला. कायम नोकरी, आजारपणाची रजा, पेन्शन. कंपनीतला माझा शेवटचा दिवस शनिवार होता. मी टेबल आवरत होते, तेवढ्यात थोरलीचा हात धरून शेवंता आली. मुलीच्या अंगावर हॉलचा निळा कोट होता. शेवंतानं दाराच्या चौकटीला हात लावला, मग खुर्चीच्या पाठीला, आणि बसली. मला वाटलं, ही आता भाऊंना शिव्या घालणार. घालाव्यात, असं मला मनापासून वाटत होतं.

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांसमोर हळूच दोन बोटं हलवली. मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी काही वाढवून सांगत नाही. "अगो शेवंता, तू आता अंधांच्या योजनेत बसतंस! ते खातं वेगळं, निराधारशी त्याचा संबंध नाही. आणि ती शिबिराची चिठ्ठी माझ्याकडे आसा, डॉक्टरच्या सहीची." त्यांनी उजवा खण ओढला आणि न शोधता चिठ्ठी काढली. कोर्टात जो एक कागद तिच्या बाजूनं बोलला असता, तो हा. प्रकाशासमोरचं काम बंद करावं, म्हणजे ती ते काम करत होती, हे त्यात लिहिलेलं होतं. तो कुणी मागितला नव्हता, म्हणून निघाला नव्हता.

त्यांनी कोरा फॉर्म घेतला आणि भरायला लागले. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "मी कोठेही नोकरी अथवा मजुरी करीत नाही." आणि थांबून मायेनं म्हणाले, "ह्यावेळी खरा आसा मां गो? आता कोण हरकत घेतलो?"

"खरा आसा, भाऊनु," शेवंता म्हणाली. "तुमी होतास म्हणान."

तिनं अंगठा पुढे केला, कागदाच्या बाहेर, टेबलावर. भाऊंनी तो धरून शाईच्या पॅडवर टेकवला, योग्य जागी आणला, दाबला आणि शाई वाळावी म्हणून त्यावर हळुवार फुंकर घातली. मुलगी घड्याळाकडे बघत होती. तिची सुट्टी संपत आली होती.

"नीलाबाय," भाऊ मान वर न करता म्हणाले, "प्रतिज्ञापत्र तेवढं टाइप करून जा. आणि कार्बन घाल."

मी घातला.